रक्त गोठू न देण्यामागचा इतिहास

हृदय थांबवून शस्त्रक्रिया करायची, तर तेवढा वेळ रक्त शरीराबाहेर, नळ्यांतून आणि यंत्रातून फिरवावं लागतं. पण रक्ताचा स्वभाव असा, की परक्या पृष्ठभागाला लागलं की ते गोठू लागतं. ही अडचण सुटल्याशिवाय हार्ट-लंग मशीनला काही अर्थच नव्हता.

तोडगा सापडला तो उलट शोधातून. 1916 साली जॉन्स हॉपकिन्समध्ये विल्यम हॉवेल यांच्या प्रयोगशाळेत जे मॅक्लीन हा वैद्यकीय विद्यार्थी रक्त गोठवणारा पदार्थ शोधत होता. यकृताच्या अर्काने मात्र रक्त गोठेना. हॉवेलना हे पटेना. तेव्हा त्याने मांजराच्या रक्तात तो अर्क ढवळला, भांडं त्यांच्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, गोठलं की सांगा. ते गोठलंच नाही; ही आठवण मॅक्लीननेच लिहून ठेवली आहे. आजचं हेपरिन म्हणजे नेमका तोच पदार्थ नव्हे, पण वाट तिथूनच निघाली. यकृताच्या ग्रीक नावावरून हेपरिन हे नाव हॉवेल यांनी दिलं. माणसाला देण्याइतकं शुद्ध हेपरिन 1930 च्या दशकात टोरांटोत चार्ल्स बेस्ट यांच्या गटाने तयार केलं.

त्याचा उताराही त्याच दशकात हाती आला. सॅमन माशाच्या शुक्रद्रवातलं प्रोटामिन धनभारित, तर हेपरिन ऋणभारित. दोघं एकमेकांना घट्ट धरतात आणि हेपरिन निकामी होतं. 1953 च्या मे महिन्यात फिलाडेल्फियात जॉन गिबन यांनी यंत्राच्या आधारे हृदयाच्या पडद्यातलं छिद्र यशस्वीपणे बंद केलं, तेव्हा ही दोन्ही औषधं ठाऊक होती.

ठाऊक नव्हतं ते प्रमाण. डोस वजनावरून ठरे. पण तेवढ्याच हेपरिनने एकाचं रक्त पुरेसं पातळ राही, दुसऱ्याचं नाही. माझ्या मते या इतिहासातली सर्वात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे एक साधी परीक्षानळी. 1966 मध्ये हॅटर्सली यांनी एसीटी (चालना दिल्यावर रक्त गोठायला लागणारा वेळ) ही चाचणी मांडली: नळीत रक्त गोठण्याला चालना देणारी बारीक माती, त्यात रुग्णाचं ताजं रक्त, नळी उबदार ठेवायची, तिरपी करत राहायची आणि पहिली गुठळी दिसेपर्यंत सेकंद मोजायचे. 1975 मध्ये बुल आणि सहकाऱ्यांनी तिच्यावरून हेपरिन आणि प्रोटामिन दोन्हींचा डोस ठरवायची पद्धत दिली. बायपास, म्हणजे रक्त यंत्रातून फिरवणं, सुरू करण्याआधी 480 सेकंदांचा आकडा गाठायचा, हा दंडक पुढे रुळला.

तरी रक्तस्राव पुरता थांबेना, कारण यंत्रातून फिरताना प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठायला मदत करणारे कण, झिजतात आणि झालेल्या गुठळ्याही विरघळू लागतात. त्यावरचं ॲप्रोटिनिन हे औषध गुणकारी होतं, पण मृत्यूंचं प्रमाण जास्त दिसल्याने 2007 मध्ये बाजारातून मागे घेतलं गेलं. त्याची जागा मुख्यतः ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडने घेतली. ते जपानमध्ये ओकामोतो दांपत्याने 1960 च्या दशकातच शोधलं होतं.