घराच्या विम्याला 'तीस दिवसांची सवलत'? ती नसते!

रावेर-यावलकडे मे-जूनच्या वादळात केळी आडवी होते, घरांवरचे पत्रे उडतात आणि पारावर कुणीतरी हमखास सांगतो, "पॉलिसी संपून आठच दिवस झाले ना? तीस दिवस चालतात!" चालतात, पण जीवनविम्याला. घराचा विमा ठरल्या तारखेला संपतो. नंतर भरलेला हप्ता म्हणजे नवा विमा. आधी उडालेल्या पत्र्यांना त्याचा काडीचा उपयोग नाही.

म्हणून 'विमा संपला होता' म्हणत कंपनीने भरपाई नाकारली, तर सवलतीवर भांडू नका, हप्ता भरल्याच्या तारखेवर भांडा. विमा कायदा 1938, कलम 64 व्हीबी सांगतं की हप्ता मिळाल्याशिवाय कंपनीची जोखीम सुरू होत नाही. पण तेच कलम एजंटलाही बांधतं: घेतलेला हप्ता सुट्ट्या वगळून 24 तासांत कंपनीकडे पोचवायचा. तेव्हा पासबुक काढा. मुदत संपायच्या आधीची, हप्ता वजा झाल्याची ओळ सापडली तर तिच्याखाली पेन्सिलीने रेघ मारा, झेरॉक्स काढा. एजंटला रोख दिले असतील तर पावती शोधा. ('घरचाच माणूस' म्हणून पावती न घेणं ही आपली जुनी खोड.)

आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी अर्ज द्या, पोच घ्या. नकार आला किंवा महिनाभर उत्तरच नाही, तर विमा लोकपाल, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी. जळगाव, धुळे, नंदुरबारसाठी ते कार्यालय पुण्यात आहे. नकारानंतर वर्षाच्या आत जायचं. फी नाही, वकील लागत नाही.