शहरी वार्धक्यातील स्त्री-पुरुष भेद (पुणे)

साठी ओलांडलेल्या नागरिकांचे आरोग्य, उत्पन्न, निवास आणि सोबत यांबाबत स्त्रिया व पुरुष यांच्यात आढळणारी तफावत. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील सुमारे १०.४ कोटी ज्येष्ठांपैकी ५.३ कोटी स्त्रिया होत्या. स्त्रियांचे आयुर्मान अधिक असले, तरी त्यांची अखेरची वर्षे बहुधा सांधेदुखी, हाडांचा ठिसूळपणा आणि मोतीबिंदू यांच्या सोबतीने जातात. हृदयविकार पुरुषांना तुलनेने लवकर गाठतो. तंबाखू ही केवळ पुरुषांची सवय मानणे चुकीचे आहे, कारण मिश्री लावणाऱ्या वृद्ध स्त्रिया पुण्यातील वस्त्यांत आजही आढळतात.

तथापि या तफावतीचे मूळ शरीरापेक्षा मिळकतीत अधिक आहे. खडकीचा दारूगोळा कारखाना, लष्करी आस्थापना, बँका आणि सरकारी कचेऱ्या यांतून निवृत्त झालेल्यांत पुरुषांचे प्रमाण मोठे होते. त्यांच्या पश्चात पत्नीला मिळणारे कुटुंबनिवृत्तिवेतन सरकारी नियमांनुसार सामान्यतः शेवटच्या मूळ वेतनाच्या ३० टक्के असते. पती वयाने मोठा असण्याच्या रूढीमुळे वैधव्य स्त्रीच्याच वाट्याला अधिक येते, आणि घर पतीच्या किंवा मुलाच्या नावे असल्यास औषधांचा खर्चही मागून घ्यावा लागतो. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत समान हक्क दिला, पण त्याआधी विवाह झालेल्या मुली त्या तरतुदीबाहेर राहिल्या. आजच्या बहुसंख्य आजी त्यांपैकीच होत.

घरकामगार आणि कचरावेचक स्त्रियांची स्थिती याहून बिकट असते. १९९३ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत या कचरावेचकांच्या संघटनेच्या सभासदांत स्त्रियाच बहुसंख्य आहेत. आयुष्यभर वाकून कचरा वेचल्याने कंबर व गुडघे जातात, आणि निवृत्तीचे वय असे काही नसतेच. निराधार वृद्धांना अर्थसाहाय्य देणाऱ्या राज्य सरकारच्या श्रावणबाळ योजनेची रक्कम २०२३ मध्ये दरमहा १,००० वरून १,५०० रुपये झाली, तरी तेवढ्यात खोलीचे भाडेही भागत नाही.

पेठांतील जुन्या वाड्यांचे अरुंद लाकडी जिने आणि सामाईक शौचालये दोघांनाही अडचणीची असतात. मात्र गुडघे धरलेली स्त्री रात्री जिना उतरावा लागू नये म्हणून संध्याकाळनंतर पाणीच पीत नाही, आणि त्यातून मूत्रमार्गाचा संसर्ग बळावतो. पुरुषांचा दुबळेपणा वेगळ्या ठिकाणी दिसतो: स्वयंपाक कधीच न केलेला विधुर चहा-बिस्किटांवर दिवस काढतो, आणि पथ्य व गोळ्यांच्या वेळा आजवर पत्नीने सांभाळलेल्या असल्याने मधुमेहही आटोक्याबाहेर जातो.