जुलाबात साखर जास्त घातली की ताकद येते?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांत अजून ऐकू येतं: जुलाब लागले की पाण्यात साखर सढळ हातानं घाला, नाहीतर उसाचा रस पाजा. परिणाम नेमका उलटा होतो.

आतड्याच्या पेशींच्या पडद्यात एसजीएलटी-१ नावाचं वाहक प्रथिन असतं. ते दर खेपेला सोडियमचे २ आयन आणि ग्लुकोजचा १ रेणू जोडीनंच आत घेतं. पाणी त्यांच्यामागून जातं. पटकीतसुद्धा हे प्रथिन शाबूत राहतं, म्हणून तर जलसंजीवनी (ओआरएस, म्हणजे साखर-मिठाचं पाणी) लागू पडते. साखर फार झाली की वाहक अपुरे पडतात. उरलेली साखर आतड्यातच राहून परासरणानं (पाणी दाट द्रावणाकडे जातं, त्यानं) शरीरातलं पाणी बाहेर ओढते, जुलाब वाढतात. नुसती ग्लुकोज पावडर देऊन भागत नाही, तिच्यात पुरेसं मीठ नसतं.

२०.५ ग्रॅमचं ओआरएस पाकीट पूर्ण १ लिटर पाण्यासाठी असतं. त्याची तीव्रता, म्हणजे विरघळलेल्या कणांचं प्रमाण, लिटरला २४५ मिलिऑस्मोल, रक्ताची साधारण २९०. तेच पाकीट २०० मिलिलिटरच्या पेल्यात ढवळलं तर १,२०० च्या वर! सगळ्यात मोठा घोटाळा इथेच होतो. छोटी पाकिटंही मिळतात. सूचना कन्नडमध्ये असो की इंग्रजीत, मिलिलिटरचा आकडा तेवढा बघा.

पाकीट नसेल तर उकळून गार केलेल्या १ लिटर पाण्यात ६ सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा ५ मिलिलिटरचाच. अश्रूंपेक्षा खारट लागलं तर ओतून टाका. बाळाला उलटी झाली तर १० मिनिटं थांबून चमच्याचमच्यानं पाजा. शौचात रक्त दिसलं किंवा बाळ मलूल पडलं तर थेट दवाखाना गाठा.