महानगरपालिकेचा इजारा (वडोदरा)

शहराच्या कारभाराला लागणारी बांधकामे, माल आणि सेवा खाजगी व्यावसायिकाकडून ठरलेल्या दराने व ठरलेल्या मुदतीत करून घेण्याचा महानगरपालिकेचा लेखी करार म्हणजे इजारा. महाराष्ट्रात यालाच कंत्राट म्हणतात आणि इंदूर-ग्वाल्हेरकडे ठेका. वडोदऱ्यात मात्र गुजरातीच्या शेजारामुळे रावपुरा-दांडिया बाजारातल्या मराठी माणसाच्याही तोंडी ‘इजारा’ आणि ‘इजारदार’ हेच शब्द बसले आहेत. गायकवाडी राज्यात एखाद्या भागाचा महसूल गोळा करण्याचा हक्क ठरावीक रकमेला देऊन टाकण्याच्या पद्धतीला इजारा म्हणत. दिवाण राजा सर टी. माधवराव यांनी १८७५ नंतरच्या सुधारणांत ती पद्धत मोडीत काढली. शब्द तेवढा उरला, पण त्याचा अर्थ पालटला. जुना इजारदार सरकारला पैसे मोजून हक्क घेई, तर आजचा इजारदार काम करून महानगरपालिकेकडून पैसे घेतो.

या व्यवहाराचा कायदेशीर पाया गुजरात प्रांतिक महानगरपालिका अधिनियम, १९४९ हा आहे. मूळचा तो मुंबई प्रांताचा कायदा असल्याने पुणे-नाशिककडच्या वाचकाला त्याची रचना ओळखीची वाटेल. करार महानगरपालिकेच्या नावाने होतो आणि तो कलम ७३ खाली आयुक्त करतात; ठरावीक रकमेपलीकडच्या करारास स्थायी समितीची पूर्वमंजुरी लागते. वडोदऱ्यात १९ प्रभागांतून ७६ नगरसेवक निवडून येतात आणि स्थायी समिती १२ जणांची असते. महानगरपालिकेशी झालेल्या करारात ज्याचा प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हिस्सा आहे, त्याला कलम १० नगरसेवकपदासाठी अपात्र ठरवते. आयुक्त राज्य सरकार नेमते, समिती निवडणुकीतून येते, आणि खात्याचा अभियंता कामाच्या खर्चाचा अंदाज बांधतो. एकाच फायलीवर या तिघांची नजर फिरते, म्हणून कोणा एकाच्या ओळखीवर भिस्त ठेवणाऱ्या नव्या व्यावसायिकाची पहिल्याच वर्षी निराशा होते.

मुख्य कचेरी खंडेराव मार्केटच्या इमारतीत आहे. सयाजीराव महाराजांच्या काळात, १९०६ साली उभी राहिलेली ही वास्तू आजही अर्धी बाजारच आहे. मागच्या अंगाला भाजी-फुलांचे सौदे चाललेले असतात. निविदांचा सौदा मात्र तेथे होत नाही. तो ‘एन-प्रोक्युअर’ या पोर्टलवर होतो. हे पोर्टल गुजरात नर्मदा व्हॅली फर्टिलायझर्स अँड केमिकल्स या कंपनीची माहिती-तंत्रज्ञान शाखा चालवते. त्यावर निविदा भरण्यासाठी तिसऱ्या वर्गाची डिजिटल सही लागते आणि ती यूएसबी टोकनमध्ये मिळते. तयार मालाची काही खरेदी ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘जेम’ या केंद्राच्या बाजारपोर्टलवरूनही होते, त्यामुळे खुर्च्या, संगणक, झाडू किंवा दिवे विकणाऱ्याने दोन्हीकडे नाव नोंदवून ठेवावे.

निविदा निघण्याच्या आधीच पुष्कळ काही ठरलेले असते. दरवर्षीच्या अंदाजपत्रकात कोणत्या खात्याला किती तरतूद मिळाली, हे वाचणाऱ्याला येत्या वर्षाची कामे बऱ्याच अंशी आधीच दिसतात. मोठ्या कामांचा पैसा कर्ज आणि अनुदान यांतूनही येतो: शहरी पाणीपुरवठा व मलनिःसारणाच्या केंद्राच्या ‘अमृत’ योजनेतील कामांसाठी वडोदऱ्याने २०२२ मध्ये १०० कोटी रुपयांचे रोखे काढले, आणि ऑगस्ट २०२४ च्या पुरानंतर शहरातून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीचे पात्र खोल व रुंद करण्याचे काम पुढच्या पावसाळ्यापूर्वी हाती घेतले गेले. अशी कामे नवख्याच्या आवाक्यातली नसतात. त्याच्यासाठी खरा दरवाजा म्हणजे वार्षिक इजारा: ड्रेनेजची साफसफाई, पाण्याच्या नळवाहिनीची गळती, रस्त्यांचे पॅचवर्क, बागांची देखभाल अशी किरकोळ पण न संपणारी कामे वर्षभराच्या दरावर झोनवार दिली जातात.

निविदा दोन लिफाफ्यांत भरायची असते, एक पात्रतेचा आणि दुसरा भावाचा, आणि पहिल्यात नापास झालेल्याचा दुसरा लिफाफा उघडलाच जात नाही. छोट्या व्यावसायिकाचे नुकसान होते ते बहुतेक येथेच. पॅनवर एक नाव आणि जीएसटीच्या दाखल्यावर दुसरे, अनुभवाच्या दाखल्यावर रक्कम आहे पण काम संपल्याची तारीख नाही, डिजिटल सहीची मुदत शेवटच्या दिवशी संपलेली: असल्या चुकांनी भाव चांगला असूनही माणूस बाहेर पडतो, आणि त्यावर दाद मागण्याला फारशी जागा उरत नाही. बांधकामासाठी राज्याच्या मार्ग व मकान, म्हणजे सार्वजनिक बांधकाम विभागाची नोंदणी बहुधा मागितली जाते. तिचे वर्ग ‘एए’पासून ‘ई-२’पर्यंत उतरत जातात आणि कामाच्या रकमेला साजेसा वर्ग असावा लागतो. अनुभवाची अट पुष्कळदा केंद्रीय दक्षता आयोगाच्या जुन्या सूत्रावर बेतलेली असते: गेल्या सात वर्षांत अंदाजित रकमेच्या ८० टक्क्यांचे एक, किंवा ५० टक्क्यांची दोन, किंवा ४० टक्क्यांची तीन सारखी कामे पूर्ण केलेली असावीत. ‘सारखे काम’ म्हणजे काय, हे त्या त्या निविदेतच लिहिलेले असते आणि ते वाक्य दोनदा वाचावे. शंका असल्यास निविदापूर्व बैठकीत लेखी विचारावे, कारण तेथे आलेल्या रास्त प्रश्नावरून निघणारे शुद्धिपत्रक सर्वांना बांधील असते, तर कचेरीत टेबलाशी उभे राहून मिळालेले तोंडी उत्तर कोणालाच बांधील नसते. बयाणा रकमेचा, म्हणजे निविदेसोबत भरायच्या अनामतीचा, मूळ कागद अनेक निविदांत स्पीड पोस्टाने किंवा पोचपावतीच्या टपालानेच पोहोचवण्याची अट असते, आणि पोर्टलवर सगळे वेळेत भरूनही हे पाकीट उशिरा पोहोचल्याने निविदा बाद होऊ शकते.

भाव भरताना कामाच्या अंदाजित रकमेच्या ‘इतके टक्के वर’ किंवा ‘इतके टक्के खाली’ असे लिहायचे असते, आणि पात्र ठरलेल्यांत सर्वांत कमी भाव देणारा, म्हणजे बोलीभाषेतला ‘एल-वन’, पुढे जातो. काम मिळवण्याच्या घाईत वीस-पंचवीस टक्के खाली जाणाऱ्यांनी आधी हिशेब मांडावा. समजा अंदाज १० लाखांचा आहे, जीएसटी वेगळा आहे, आणि एकट्याच्या मालकीच्या पेढीने १५ टक्के खाली भाव भरला. बिल झाले ८,५०,००० रुपये. त्यातून प्राप्तिकराचे १ टक्का म्हणजे ८,५०० रुपये, जीएसटीच्या कपातीचे २ टक्के म्हणजे १७,००० रुपये आणि बांधकाम कामगार कल्याण उपकराचा १ टक्का म्हणजे आणखी ८,५०० रुपये कापले जातील. सुरक्षा अनामत ५ टक्के धरली तर ४२,५०० रुपये काम निर्दोष राहण्याच्या हमीची मुदत संपेपर्यंत अडकून राहतील. हाती येतात ७,७३,५०० रुपये. पहिल्या दोन कपाती पुढे स्वतःच्या करात वळत्या होतात, उपकर मात्र परत येत नाही. बिलावरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,५३,००० रुपये, महानगरपालिकेचे पैसे हाती पडण्याआधीच भरायची वेळ येऊ शकते, आणि नफा ठरवताना हा भांडवलाचा ताण कोणी मोजत नाही. फार खाली गेलेल्या निविदेवर जादा हमी मागण्याची तरतूदही पुष्कळ निविदांत असते.

लहान उद्योगांच्या सवलतींबद्दल एक गैरसमज सर्रास आढळतो. २०१२ च्या धोरणातील २५ टक्के खरेदी लहान उद्योगांकडून करण्याचे बंधन केंद्राची मंत्रालये आणि केंद्रीय सार्वजनिक उपक्रम यांच्यावर आहे, ते महानगरपालिकेला आपोआप लागू होत नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यातील तरतूद मात्र कामाची आहे: लेखी करार असला तरी पैसे चुकते करण्याची मुदत ४५ दिवसांपलीकडे जाऊ शकत नाही, आणि उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते. हा लाभ सूक्ष्म व लघु पुरवठादारांना आहे, आणि त्यासाठी ‘उद्यम’ ही लहान उद्योगांची सरकारी नोंदणी करारापूर्वीची असणे शहाणपणाचे. निव्वळ बांधकामाच्या करारांना हा कायदा लागतो की नाही यावर न्यायालयांत एकमत नाही.

पूर, खचलेला रस्ता, फुटलेली मुख्य वाहिनी अशा प्रसंगी आयुक्त महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६७(३)(सी) खाली निविदेची वाट न पाहता काम देऊ शकतात आणि नंतर ते समितीपुढे ठेवतात. ही तरतूद आवश्यक आहे. पण जे संकट दर पावसाळ्यात येते ते अचानक आले असे म्हणणे कठीण असते, आणि या वाटेने गेलेल्या कामात नव्या व्यावसायिकाला शिरकाव नसतो.

पात्रतेची छाननी हा निव्वळ कागदी सोपस्कार नाही, हे वडोदऱ्याने फार जड किमतीने अनुभवले आहे. १८ जानेवारी २०२४ रोजी हरणी तलावात सहलीच्या मुलांची बोट उलटून १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका मृत्युमुखी पडल्या. तलावाचा परिसर खाजगी सहभागाच्या कराराने चालवायला दिलेला होता. गुजरात उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन तो करार ज्या रीतीने दिला गेला त्यावर कठोर प्रश्न विचारले. त्यानंतर अनुभवाची आणि सुरक्षेची अट ‘जाचक’ म्हणून तक्रार करणाऱ्याने थोडे थांबून विचार करावा.

स्पर्धकांनी आपसात भाव ठरवून निविदा भरणे स्पर्धा कायदा, २००२ च्या कलम ३ खाली गुन्हेगारी खटल्याचा नव्हे, पण मोठ्या दंडाचा विषय आहे. डावलले गेल्याची शंका असल्यास माहिती अधिकारात सर्व निविदांच्या भावांचा तुलनात्मक तक्ता मागता येतो. न्यायालयात मात्र निर्णय बरोबर होता की चूक, यापेक्षा निर्णयाची रीत न्याय्य होती की नाही, हेच तपासले जाते. टाटा सेल्युलर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये घालून दिलेली ही मर्यादा आजही पाळली जाते.

कार्यादेश हाती पडल्यावर इजारदाराचे सारे भवितव्य मापपुस्तकात असते. अभियंता जागेवर येऊन लांबी, रुंदी, खोली मोजून त्यात लिहितो, आणि जे तेथे लिहिलेले नाही त्याचे बिल होत नाही. चर बुजवण्याआधी त्याची खोली मोजून घ्यावी. माती पडल्यावर दोन फूट की तीन फूट, हा वाद कोणीच सोडवू शकत नाही. जादा काम करायला सांगितले तर लेखी आदेश मिळेपर्यंत फावडे उचलू नये. काम संपल्यावर पूर्णत्वाचा दाखला लगेच मागून घ्यावा आणि त्यावर कामाचे स्वरूप, मंजूर रक्कम, झालेली रक्कम, सुरुवातीची व समाप्तीची तारीख हे पाचही तपशील आहेत ना हे खिडकीपाशीच तपासावे, कारण पुढच्या निविदेच्या पहिल्या लिफाफ्यात हाच कागद जायचा असतो. अनामत आपोआप परत येत नाही. हमीची मुदत संपल्याच्या आठवड्यात तसा अर्ज द्यावा लागतो.