रस्त्याकडेच्या जुन्या पर्यटनस्थळांच्या स्मृतिवस्तूंचा संग्रह

अमेरिकेत मोटार सर्वसामान्य कुटुंबाच्या आवाक्यात आली आणि महामार्गांलगत खासगी मालकीची असंख्य लहानमोठी प्रेक्षणीय स्थळे उभी राहिली : गुहा, सर्पालये, खडकांतली उद्याने, सिमेंटचे डायनोसॉर, तंबूच्या आकाराच्या खोल्या असलेली मोटेल (मोटारीने जाणाऱ्यांची मुक्कामाची हॉटेले). १९२० ते १९६० या दशकांत त्यांची भरभराट होती. या स्थळांनी विकलेल्या किंवा फुकट वाटलेल्या वस्तू जमवणे, त्यांचा काळ ठरवणे व त्या जपणे हा तिथे चांगला रुजलेला छंद आहे. पोस्टकार्डे, माहितीपत्रके, आगपेट्या, बंपरवरच्या पाट्या, गाडीच्या काचेवर चिकटवायची चित्रे, फेल्टच्या त्रिकोणी पताका, मोटेलच्या किल्ल्या असे बरेच काही त्यात येते.

या वस्तूंना मोल आले ते रस्ते बदलल्यामुळे. शिकागोहून कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापर्यंत जाणारा ‘रूट ६६’ १९२६ मध्ये घोषित झाला आणि गावागावाच्या मुख्य रस्त्यावरून गेला. १९५६ च्या कायद्याने आंतरराज्य महामार्ग बांधायला घेतले, ते गावांना वळसा घालून गेले. वाटसरू दारात थांबेनासा झाला तशी दुकाने, मोटेल व प्रेक्षणीय स्थळे बंद पडू लागली. १९८५ मध्ये रूट ६६ अधिकृत यादीतूनही काढून टाकला. छोट्या धंद्यांची दप्तरे कोणी सांभाळत नाही; त्यामुळे अनेक स्थळांबाबत एखादे घडीपत्रक किंवा आगपेटीचे वेष्टन एवढाच पुरावा उरला आहे. संग्राहकाचे काम म्हणूनच केवळ हौसेचे मानता येत नाही.

टेनेसीतील चॅटनूगा शहराजवळ, जॉर्जियाच्या हद्दीत लुकआउट माउंटनवर ‘रॉक सिटी’ हे खडकांतले उद्यान आहे. गार्नेट व फ्रीडा कार्टर या दांपत्याने ते १९३२ मध्ये खुले केले. डोंगरावर गिऱ्हाईक यावे कसे, हा प्रश्न होता. क्लार्क बायर्स नावाच्या रंगाऱ्याने रस्त्यालगतच्या शेतकऱ्यांची लाकडी कोठारे फुकट रंगवून द्यायची आणि छपरावर काळ्या रंगावर पांढऱ्या ठसठशीत अक्षरांत ‘सी रॉक सिटी’ लिहायचे, असा तोडगा निघाला. बायर्सने १९६९ पर्यंत सुमारे ९०० कोठारे रंगवली. काजळी आणि जवसाचे तेल कालवून तो काळा रंग तयार करी. १९६५ मध्ये रस्त्याकडेच्या जाहिरातींना आवर घालणारा महामार्ग सुशोभीकरणाचा कायदा आला व यांतली बरीच छपरे पुसावी लागली. त्याच कोठाराच्या रूपातले, लाल भिंतींचे व काळ्या छपराचे पक्ष्यांचे घरकुल ही रॉक सिटीची सर्वांत ओळखीची स्मृतिवस्तू. मात्र ही घरकुले आजही बनतात, तेव्हा नुसत्या रूपावरून जुनेपण ठरवू नये.

मिझुरीतील मेरामेक गुहांचे मालक लेस्टर डिल यांची युक्ती वेगळी होती. पाहुणे गुहेत शिरले की बाहेर उभ्या गाड्यांच्या बंपरला पुठ्ठ्याच्या जाहिराती बांधल्या जात. चिकट पाठीचे स्टिकर पुढे आले. त्यांचे श्रेय सहसा कॅन्सस सिटीतील छपाईवाले फॉरेस्ट गिल यांना देतात. या पुठ्ठ्यांतच संग्रहाचे मर्म कळते. पैसे मोजून घेतलेली बशी किंवा चमचा घरच्या कपाटात टिकला. फुकट बांधलेला पुठ्ठा घरी पोचताच सुतळी तोडून फेकला गेला. जाणते संग्राहक त्यामुळे चिनी मातीच्या बशीपेक्षा अशा टाकाऊ कागदाच्या मागे अधिक लागतात, आणि ते योग्यच आहे. काचेवरच्या चित्रांचेही तसेच. पाण्यात भिजवून लावलेले चित्र काचेवरून पुन्हा धड निघत नाही, म्हणून न वापरलेले, मूळ पाकिटातले चित्रच हाती लागते.

काळ ठरवण्याचा सराव पोस्टकार्डांवर उत्तम होतो. शिकागोच्या कर्ट टाइश कंपनीची, कापडासारखा पोत असलेली ‘लिनन’ कार्डे १९३० ते १९५० च्या दशकांत लाखोंनी छापली गेली. त्यांवरच्या बारीक क्रमांकात साल दडलेले असते : ‘ए’ म्हणजे १९३० चे दशक, ‘बी’ म्हणजे १९४० चे, ‘सी’ म्हणजे १९५० चे; अक्षराआधीचा आकडा त्या दशकातले वर्ष दाखवतो. ‘५ए’ असेल तर १९३५, ‘२बी’ असेल तर १९४२. तिकिटाच्या चौकोनात एक सेंट छापले असेल तर असे कार्ड १९५२ च्या दरवाढीआधीचे समजावे, आणि पत्त्यात झिपकोड (अमेरिकेतला पिनकोड) दिसला तर ते १९६३ नंतरचे. चित्रावर मात्र फार विसंबू नये. कारागीर मूळ छायाचित्रातल्या विजेच्या तारा पुसून टाकत आणि आकाश हवे तसे रंगवत. पाठीवरचा मजकूर, डाकेचा शिक्का व तारीख यांमुळे कार्डाचे मोल वाढते. ‘काल इथे मुक्काम केला’ एवढ्या ओळीनेही एखाद्या बंद मोटेलचा काळ नक्की होतो.

पत्र्याच्या पाट्यांत नकला फार. खऱ्या पाटीला खिळ्यांच्या भोकांभोवती ताण पडून मुलामा उडालेला असतो व गंज तिथून पसरतो. नकलेत गंज सगळीकडे सारखा लावलेला दिसतो. कागदी वस्तू पीव्हीसी या प्लास्टिकच्या पाकिटात कधीही ठेवू नयेत, आणि त्यांना ऊन लागू देऊ नये.

या वस्तूंतून त्या काळाचा वर्णद्वेषही समोर येतो. मूळ अमेरिकी, मेक्सिकन व कृष्णवर्णीय लोकांची विद्रूप चित्रे असंख्य वस्तूंवर आहेत. ती लपवूही नयेत आणि गंमत म्हणून मिरवूही नयेत. मिशिगनमधील फेरिस स्टेट विद्यापीठाचे जिम क्रो (अमेरिकेतील कायदेशीर वर्णभेदाच्या व्यवस्थेचे नाव) संग्रहालय अशा वस्तू त्यांच्या इतिहासासह मांडते. ज्या मोटेलांच्या किल्ल्या आज कौतुकाने जमवल्या जातात, त्यांतल्या कित्येकांत कृष्णवर्णीयांना खोली मिळत नसे. सुरक्षित मुक्कामाचे पत्ते देणारे ‘ग्रीन बुक’ हे मार्गदर्शक न्यूयॉर्कचे टपाल कर्मचारी व्हिक्टर ह्यूगो ग्रीन यांनी १९३६ मध्ये सुरू केले. माझ्या मते त्याची प्रत या विषयातला सर्वांत मोलाचा कागद आहे.

कर्ट टाइश कंपनीचे दप्तर आता शिकागोच्या न्यूबेरी ग्रंथालयात आहे. छायाचित्रकार जॉन मार्गोलिस यांनी कित्येक दशके देशभर हिंडून टिपलेल्या रस्त्याकडेच्या वास्तूंच्या ११,००० हून अधिक रंगीत पारदर्शिका (स्लाइड) लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे असून त्या सर्वांना मुक्तपणे पाहता व वापरता येतात. हातातल्या कार्डावरची वास्तू पुढे कोणत्या रूपात उरली, हे ताडून पाहायला संग्राहक त्यांचाच आधार घेतात.