तारीख आणि तिथी जुळेना? आधी वार तपासा

चैत्र शुद्ध एकादशीला नाशिकच्या काळाराम मंदिरातून रथ निघतो. ही एकादशी २०२३ मध्ये १ एप्रिलला आली, २०२४ मध्ये १९ एप्रिलला, २०२५ मध्ये ८ एप्रिलला आणि २०२६ मध्ये २९ मार्चला. याच मंदिराच्या प्रवेशासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली झालेल्या सत्याग्रहाचा स्मृतिदिन मात्र ठरलेला, २ मार्च. सत्याग्रह १९३० साली त्या तारखेला सुरू झाला.

रथाचा दिवस असा का हलतो? चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे गेला की एक तिथी पूर्ण होते. चंद्राचा वेग सारखा नसल्यामुळे एखादी तिथी वीसेक तासांत उरकते, तर एखादी २६ तासांच्याही पुढे रेंगाळते. सूर्योदयाला जी तिथी चालू असेल ती त्या दिवसाची. एकही सूर्योदय न गाठता संपली तर तिचा क्षय, दोन सूर्योदय गाठले तर वृद्धी. असे बारा चांद्रमास ३५४ दिवसांत आटोपतात, त्यामुळे सण दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतात. ही तूट सुमारे साडेबत्तीस महिन्यांनी अधिक महिना टाकून भरली जाते. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, म्हणून २०२४ मध्ये एकादशीने १८ दिवस पुढे उडी मारली.

१९ वर्षांत २३५ चांद्रमास जवळजवळ नेमके बसतात, म्हणून तेवढ्या वर्षांनी तिथी आणि तारीख पुन्हा जवळ येतात. सत्याग्रहातला रथावरून झालेला संघर्ष ९ एप्रिल १९३० चा. त्यानंतर ९५ वर्षांनी, म्हणजे पाच फेऱ्यांनंतर, एकादशी ८ एप्रिलला आली. एका दिवसाचा फरक पडला, आणि तो पडतोच.

या प्रसंगाला पुष्कळदा ‘रामनवमीचा दिवस’ म्हटलं जातं. तपासणं सोपं आहे. १३ एप्रिल १९३० ला खंडग्रास चंद्रग्रहण झालं होतं. ते झालं तेव्हा भारतात दिवस होता, पण ग्रहण म्हणजे पौर्णिमा, तेव्हा पौर्णिमेबद्दल शंका उरत नाही. तिथून चार दिवस मागे मोजा, ९ तारखेला एकादशी येते. नवमी त्याआधीच होऊन गेलेली. जुन्या तिथीच्या पडताळणीला ग्रहणाइतका भरवशाचा साक्षीदार नाही.

१७५२ च्या आधीच्या इंग्रजी तारखांचं दुखणं वेगळं आहे. ज्युलियन कॅलेंडरचं वर्ष ३६५.२५ दिवसांचं, खऱ्या वर्षापेक्षा सुमारे ११ मिनिटांनी मोठं. साचलेली चूक काढायला १५८२ मध्ये रोममध्ये ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर धरला गेला; तेच आजचं ग्रेगोरियन कॅलेंडर. इंग्रजांनी हे १७५२ पर्यंत मानलं नाही, आणि तेव्हा त्यांना ११ दिवस गाळावे लागले.

शिवजन्माची १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख ज्युलियन आहे. तिथी फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. शकात एरवी ७८ मिळवतात, पण जानेवारी उजाडल्यापासून गुढीपाडव्यापर्यंत ७९. म्हणून १६३०. आता वार काढू. त्या शतकातला फरक दहा दिवसांचा, म्हणजे आजच्या पद्धतीने १ मार्च १६३०. ग्रेगोरियन कॅलेंडरमध्ये ४०० वर्षांत १,४६,०९७ दिवस, म्हणजे बरोबर २०,८७१ आठवडे असतात. म्हणून मोबाइलवर १ मार्च २०३० उघडा: शुक्रवार. जेधे शकावलीतही, म्हणजे जेधे घराण्याकडच्या सालवार जुन्या नोंदींतही, शुक्रवारच आहे. दहा दिवस मिळवायचे विसरलात तर १९ फेब्रुवारी २०३० ला मंगळवार दिसेल आणि नोंदच खोटी वाटेल. मोबाइल आणि संगणकावरची बहुतेक कॅलेंडरं आजचीच पद्धत मागे ओढत नेतात, त्यामुळे ही चूक फार होते. उत्सव कोणत्या दिवशी करायचा हा गणिताचा प्रश्न नाही, पण दोन्ही नोंदी एकाच दिवसाच्या आहेत हे गणित सांगतं.

राज्याभिषेकाच्या नोंदीत आणखी एक मेख आहे. ६ जून १६७४, म्हणजे आजच्या पद्धतीने १६ जून, हा शनिवार. शकावलीत मात्र शुक्रवार. चूक कोणाचीच नाही. तीन घटका, म्हणजे ७२ मिनिटं, रात्र उरली असताना महाराज सिंहासनावर बसले. आपला वार सूर्योदयाला बदलतो, इंग्रजांचा मध्यरात्रीच बदलून गेला होता.

कागद चाळताना दोन ठिकाणी जपा. १७५२ पूर्वी इंग्रजांचं अधिकृत वर्ष २५ मार्चला बदलायचं, त्यामुळे जानेवारी ते मार्चच्या पत्रांवर अनेकदा मागचं साल असतं. दुसरं, आपला फाल्गुन वद्य म्हणजे उत्तरेकडचा चैत्र कृष्ण. तिकडच्या पंचांगातून तिथी उचलली तर महिना चुकतो.

आणि दहा-अकरा दिवस मिळवण्याआधी कागद कोणाचा ते पाहा. पोर्तुगीज १५८२ पासूनच नव्या कॅलेंडरवर होते. चिमाजी आप्पांपुढे वसई शरण आली ती १६ मे १७३९ ला, ही त्यांची तारीख. त्यात पुन्हा ११ मिळवले तर वसई २७ मेपर्यंत लढत राहील. मुंबईच्या इंग्रजांच्या हिशेबाने तोच दिवस ५ मे होता.