एन्हान्सर व एक्सायटर

एन्हान्सर व एक्सायटर : ध्वनीतील क्षीण झालेले सहस्वर, म्हणजे मूळ स्वराच्या पटींतले वरचे घटक (ध्वनितंत्रातले हार्मोनिक), नव्याने निर्माण करून, किंवा ध्वनीच्या निरनिराळ्या (खालच्या, मधल्या, वरच्या) कंप्रता-पट्ट्यांचा कालक्रम बदलून आवाज अधिक खुला व जवळचा भासवणारी उपकरणे आणि त्यांची संगणकीय रूपे. इक्वलायझर जे आहे तेच वरखाली करतो आणि कॉम्प्रेसर मोठ्या-लहान आवाजातले अंतर आवळतो. एक्सायटर मात्र मुळात नसलेले घटक भर म्हणून घालतो. निवडीचे बहुतेक प्रश्न या फरकाशी येऊन ठेपतात. मिरवणुकीतल्या ‘डॉल्बी’शी या उपकरणांचा संबंध नाही.

एक्सायटरमध्ये मूळ संकेताचा (सिग्नलचा) एक फाटा काढून हायपास फिल्टरमधून, म्हणजे फक्त वरचे घटक जाऊ देणाऱ्या गाळणीतून नेतात, त्यावर मोजकी विकृती (डिस्टॉर्शन) घडवतात आणि निपजलेले सहस्वर अगदी थोड्या प्रमाणात मूळ संकेतात परत मिसळतात. ३ किलोहर्ट्झच्या घटकापासून अशा रीतीने ६ व ९ किलोहर्ट्झचे घटक मिळतात.

उगम : या प्रकारातले पहिले व्यापारी उपकरण म्हणून ॲफेक्स कंपनीच्या ऑरल एक्सायटरचा निर्देश करतात. त्याचा काळ साधारणपणे १९७५–७६ असा धरला जातो. चुकीच्या जोडणीमुळे बिघडलेल्या एका निर्वात-नलिका ॲम्प्लिफायरचा आवाज चांगल्या भागाच्या आवाजात मिसळला असता गाणे खुलले आणि त्यातून ही कल्पना सुचली, अशी कथा वारंवार सांगितली जाते. कथा सुबक आहे, आणि अशा कथांबाबत ठेवावी तेवढी सावधगिरी येथेही ठेवलेली बरी. आरंभी उपकरण विकले जात नसे. तयार ध्वनिमुद्रणाच्या दर मिनिटामागे ३० डॉलर असे भाडे आकारत. कर्ट नॉपेल यांना १९७९ मध्ये मिळालेल्या अमेरिकी पेटंटात या मंडलाचे (सर्किटचे) वर्णन ‘संकेत-विकृतीचे मंडल’ असे सरळच केलेले आहे. जाहिरातींत मात्र विकृती हा शब्द सहसा आढळत नाही.

दुसरे मत या कल्पनेचे मूळ डॉल्बी-ए या गोंगाटनिवारक पद्धतीत (१९६०–७० चे दशक) शोधते. गायकाचा आवाज डॉल्बी-ए मधून फक्त एन्कोड करायचा (मुद्रणावेळचा बदल) आणि डीकोड करायचाच नाही (वाजवताना तो बदल उलटवायचा नाही), अशी युक्ती काही स्टुडिओंत रूढ होती. तीत उच्च पट्टीतले मंद घटक वर उचलले जातात व आवाजात श्वासाचा सूक्ष्म स्पर्श येतो. परिणाम मिळताजुळता असला तरी येथे नवा घटक निर्माण होत नाही. म्हणून ही युक्ती एक्सायटरची पूर्वज न मानता समांतर वाट मानणे अधिक सयुक्तिक दिसते. घरोघरच्या डॉल्बी-बी कॅसेटी डीकोडर नसलेल्या टेपवर वाजवल्यावर ‘जास्त क्लिअर’ वाटत, ते याच कारणाने.

बीबीई सॉनिक मॅक्झिमायझर (१९८०–९० चे दशक) याचे तत्त्व वेगळे आहे. तो संकेताचे तीन पट्टे करून खालचा सुमारे २.५ मिलिसेकंद व मधला सुमारे ०.५ मिलिसेकंद मागे ठेवतो आणि वरचा पट्टा संकेताच्या मानाने उचलतो. स्पीकरमुळे बिघडलेला कालक्रम यामुळे सुधारतो, असा निर्मात्यांचा दावा आहे. मात्र प्रत्येक स्पीकरचा दोष निराळा असताना एकच ठरावीक दुरुस्ती सर्वांना लागू पडेल, हे पटण्याजोगे नाही. कानाला जाणवणाऱ्या फरकाचा मोठा वाटा वरखालच्या पट्ट्यांच्या उठावाचाच असावा. ज्या यंत्रणेत डीएसपीने (संगणकीय ध्वनिप्रक्रियेने) स्पीकरांची कालजुळणी आधीच केलेली असते, तिथे हे उपकरण त्या जुळणीत ढवळाढवळ करते.

हिंदुस्थानी वाद्ये : तानपुऱ्याच्या घोडीचा उतार व जवारीचा दोरा यांमुळे तारेत सहस्वरांची रांगच उभी राहते. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये या घटनेचा, आणि त्याआधी १९२० मध्ये मृदंग-तबल्याच्या शाईमुळे सुसंवादी होणाऱ्या सहस्वरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या वाद्याने एक्सायटरचे काम स्वतःच केलेले आहे, त्याच्यावर ते पुन्हा करणे व्यर्थ. टाळ व झांजेवर तर ते घातकच, कारण त्यांचे घटक मुळात विसंवादी असतात आणि विकृतीतून त्यांच्या बेरजा-वजाबाक्यांचे खरखरीत घटक बाहेर पडतात. हार्मोनियमच्या स्वरपट्ट्याही (रीड) सहस्वरांनी समृद्ध असतात. उरतात ते दबका आवाज देणाऱ्या मायक्रोफोनमधून आलेले निवेदन, दूरवरून टिपलेला गायक आणि झिजलेल्या जुन्या मैफलींच्या कॅसेटी. कॅसेटीवर आधी गोंगाट काढावा, मग एक्सायटर लावावा. उलट केल्यास टेपच्या सुसकाऱ्यालाच सहस्वर फुटतात.

ठाणे व नवी मुंबई : गडकरी रंगायतन (१९७८) किंवा वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात नाटकाची यंत्रणा बसवताना एक्सायटर मुख्य आउटपुटवर न लावता ऑक्झिलरीतून (मिक्सरवरच्या वेगळ्या जोडमार्गातून) हव्या त्या चॅनेलपुरता द्यावा. मॉनिटरमध्ये (कलाकारांसाठी रंगमंचावर ठेवलेल्या स्पीकरमध्ये) तो गेला की शिट्टी लवकर येते. चाचणीसाठी ‘श्रीमती’, ‘सुस्वागतम्’, ‘शेवटचा प्रवेश’ असे श-स चे शब्द बोलून पाहावेत. ५ ते ८ किलोहर्ट्झमधला सीत्कार वाढला तर एक्सायटर कमी करावा किंवा डी-एसर (श-स चा सीत्कार दाबणारे उपकरण) त्याच्या आधी ठेवावा. बायपास (उपकरण वगळणारी कळ) दाबून तुलना करताना दोन्ही पातळ्या सारख्या ठेवणे अत्यावश्यक आहे, कारण एखाद्या डेसिबेलने मोठा आवाज कानाला निव्वळ तेवढ्यानेच सरस वाटतो. विक्रेत्याच्या दुकानात ही काळजी क्वचितच घेतली जाते.

तलावपाळीच्या दिवाळी पहाटेसारख्या उघड्यावरील कार्यक्रमांना ध्वनिप्रदूषण नियम, २००० लागू होतात: निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबेल-ए, आणि सकाळी ६ पूर्वी ध्वनिक्षेपक नाही. एक्सायटरने आवाज न वाढवता उठाव मिळतो हे म्हणणे अर्धवट खरे आहे. ए-भारित मापनात, म्हणजे कानाच्या संवेदनेनुसार तोललेल्या डेसिबेल-ए च्या मापनात, ५० हर्ट्झचा घटक सुमारे ३० डेसिबेलने कमी मोजला जातो आणि २०० हर्ट्झचा सुमारे ११ ने. ३ किलोहर्ट्झला तर किंचित भरच मिळते. म्हणजे १००, १५० व २०० हर्ट्झचे सहस्वर ऐकवून ५० हर्ट्झच्या अनुपस्थित मूळ स्वराचा भास देणारा बेस-एन्हान्सर लहान स्पीकरला उपकारक असला, तरी मीटरवर तो महागच पडतो.

नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमएवढ्या मैदानात प्रश्न हवेचा असतो. ३० अंश सेल्सिअस तापमान व ७० टक्के आर्द्रता असता ८ किलोहर्ट्झचा घटक केवळ हवेच्या शोषणाने दर १०० मीटरला सुमारे ६ डेसिबेल घटतो. कोरड्या, थंड हवेत ही घट दुपटीहून अधिक असते. ती एक्सायटरने भरून काढू पाहिल्यास पुढच्या रांगांचे कान किटतात. तिथे मागच्या प्रेक्षकांसाठी उशीर दिलेले स्वतंत्र डिले टॉवर उभारतात.